नाटक करायचं, पण खायचं काय?

(नागपूर येथे झालेल्या युवा शिबिरातील भाषणाचे संपादित शब्दांकन)



संयोजकांनी मला दिलेला विषय जरा भारदस्त आहे: ‘स्वतंत्र रंगकर्मी आणि त्यांचं सर्जनशील जगणं’. तुमच्यापैकी जे एकांकिका करतात, पथनाट्यात उभे राहतात, गातात, रॅप लिहितात, त्यांच्या घरी हाच विषय चार शब्दांत विचारला जातो. ‘नाटक करून खाशील काय?’ मी आज त्याच प्रश्नावर बोलणार आहे. प्रश्न बरोबर आहे. अब्बांनी विचारला म्हणून तो जुनाट ठरत नाही.

मी या शहरात कॉलेजचे बरेच ग्रुप बनताना आणि विरताना पाहिलेत. पहिल्या वर्षी बारा जण असतात. रात्री उशिरापर्यंत तालमी चालतात, स्पर्धेत एखादं बक्षीस मिळतं, फोटो निघतात. पदवी झाली की चौघांना नोकरी लागते, दोघं पुण्याला जातात, दोन मुलींची लग्नं ठरतात. पंचविशी गाठेपर्यंत दोन-तीन जण उरतात, आणि त्यांच्याही मनात आपण मागे पडलो असं घर करून बसतं. गेलेल्यांत गुणी माणसं कमी नसतात. गुण कमी पडला म्हणून ती गेली नाहीत. त्यांना धरून ठेवेल अशी व्यवस्था कुणी उभी केली नाही, म्हणून गेली.

माझं म्हणणं सरळ आहे. कलावंताला टिकवायला तीन टेकू लागतात. एक, पोट भरणारा एखादा धंदा किंवा नोकरी, जिची त्याला लाज वाटत नाही. दोन, हिशोब ठेवणारा ग्रुप. तीन, पैसे देणारा प्रेक्षक. यातला एक टेकू नसला तरी माणूस काही वर्षं रेटून नेतो. दोन नसले की थांबतो. हे मी कुठल्या पुस्तकातून सांगत नाही. आपल्याच आसपासच्या माणसांची उदाहरणं देतो.

आधी पैशांचं. मराठी नाटकाची सुरुवात विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत केली, हे आपण शाळेत शिकतो. पण त्या नाटकाचा खर्च कोण करत होतं? सांगलीचे संस्थानिक. १८५१ मध्ये ते वारले आणि आश्रय संपला. मग भाव्यांनी मंडळी घेऊन गावोगाव दौरे काढले आणि १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून नाटक केलं. म्हणजे मराठी रंगभूमी दहा वर्षांची व्हायच्या आतच तिच्यापुढे तुमचाच प्रश्न उभा राहिला होता. राजा गेला, आता खायचं काय? तिने उत्तर शोधलं: प्रेक्षकाकडे जायचं आणि त्याच्याकडून दाम घ्यायचे.

त्याच्याही आधीचं एक नाव सांगतो. सगनभाऊ. पेशवाईच्या उत्तरकाळातले नावाजलेले शाहीर, होनाजीच्या तोडीचे. मुसलमान होते, धंद्याने शिकलगार. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारा. दिवसा तलवारीला धार, रात्री लावणीला. ‘नाटक-गाणं ही आपली गोष्टच नाही’ असं कुणी म्हणालं, तर त्याला जरा शब्दांची आठवण द्या. मराठीत रंगमंचावरच्या सरावाला आपण काय म्हणतो? तालीम. मदरशात मिळते तीही तालीमच. शाहीर हा शब्द शायरवरून आला. तमाशा, पडदा, डफ हे शब्दही अरबी-फारसीतूनच इथे आले आणि मराठी झाले. या रंगमंचाचं घर बांधताना आपल्या लोकांनीही विटा वाहिल्या आहेत. तिथे पाहुण्यासारखं अंग चोरून बसायचं कारण नाही.

आता नागपूरकडे येतो. १९४०च्या दशकात रायपूरचा एक मुलगा शिकायला नागपुरात आला. तेव्हा नागपूर मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होतं, आणि रायपूर त्याच प्रांतात. तो मॉरिस कॉलेजात शिकला. म्हणजे आजची वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था. तुमच्यातले काही जण तिथेच शिकत असतील. १९४४ मध्ये तो इथून बी. ए. झाला. त्याचं नाव हबीब तनवीर.

‘चरणदास चोर’, एडिनबरोचा पुरस्कार, पद्मभूषण, हे सगळं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. मला त्यांच्या चरित्रातलं दुसरं काही तुमच्यापुढे ठेवायचंय. बी. ए. झाल्यापासून ‘चरणदास चोर’पर्यंत, म्हणजे १९४४ ते १९७५, तीस वर्षं हा माणूस कशावर जगला? मुंबईत आकाशवाणीवर काम केलं. सिनेमाच्या मासिकांत लिहिलं, समीक्षा केली. सिनेमात छोटी कामं केली, गाणी लिहिली. इप्टात नाटकं केली, त्यातून पोट भरत नव्हतं. दिल्लीला आले, १९५४ मध्ये ‘आग्रा बाजार’ केलं. त्यात जामियाचे विद्यार्थी आणि आसपासच्या वस्तीतले लोक घेतले. नजीर अकबराबादी या बाजारातल्या माणसांच्या शायरावरचं नाटक बाजारातल्या माणसांनाच घेऊन केलं. पुढे इंग्लंडला शिकायला गेले, युरोपभर फिरले, बर्लिनला ब्रेख्तची नाटकं पाहिली. परत आले आणि १९५९ मध्ये मोनिका मिश्रांबरोबर ‘नया थिएटर’ काढलं. मोनिकाजी पुढे त्यांच्या पत्नी झाल्या. रंगमंचामागचं निम्मं ओझं त्यांनी वाहिलं. त्यांचं नाव कमी घेतलं जातं, म्हणून मुद्दाम घेतो.

१९७२ मध्ये हबीबसाहेब राज्यसभेवर नियुक्त झाले आणि सहा वर्षं खासदार होते. दरमहा ठरलेलं मानधन आणि दिल्लीत राहायला घर, हे त्यांना मिळालं. याच वर्षांत त्यांचं छत्तीसगढी नटांबरोबरचं काम खऱ्या अर्थाने फुललं. १९७३ मध्ये रायपुरात नाचा कलावंतांबरोबर महिनाभराची कार्यशाळा, १९७५ मध्ये ‘चरणदास चोर’. डोक्यावर छप्पर आणि हातात ठरलेले पैसे आले की कलावंत काय करू शकतो, हे यातून दिसतं. गरिबीतच कला फुलते असं सांगणारे बहुतेक वेळा स्वतः गरीब नसतात.

आणि त्यांचे नट कोण होते? छत्तीसगढच्या खेड्यांतले नाचा कलावंत. फिदाबाई मरकाम यांच्यासारख्या आदिवासी बाई. सुरुवातीला हबीबसाहेब त्यांच्याकडून हिंदीत बोलवून घेत, आखल्याप्रमाणे हालचाली करून घेत, आणि गावात मोकळे वाटणारे हेच नट शहरी मंचावर अवघडून जात. त्यांना त्यांच्या भाषेत, त्यांच्या पद्धतीने करू दिलं तेव्हा नाटक उभं राहिलं. तुमच्यातले जे घरी नागपुरी हिंदी-उर्दू बोलतात आणि कॉलेजात मराठी, त्यांनी हे नीट ऐका. स्पर्धेसाठी पुण्याची मराठी उसनी आणू नका. मोमिनपुऱ्याची, टेका नाक्याची, ताजबागची भाषा मंचावर आणा. ती अजून कुणी फारशी आणलेली नाही. तुमच्याकडे असलेलं हे भांडवल फुकटचं आहे आणि दुसऱ्या कुणाकडे नाही.

हबीबसाहेबांनी त्याची किंमतही मोजली. ‘पोंगा पंडित’ हे नाटक त्यांनी लिहिलेलं नव्हतं, नाचा कलावंत ते पिढ्यान्‌पिढ्या करत होते. बाबरी मशीद पडल्यानंतरच्या काळात मात्र ते ‘हबीब’ नावाच्या माणसाचं नाटक झालं. प्रयोगांवर हल्ले झाले, खुर्च्या फेकल्या गेल्या. त्यांनी प्रयोग थांबवले नाहीत. २००९ मध्ये भोपाळला ते वारले, तोवर काम करत राहिले.

आता पैसे देणाऱ्या प्रेक्षकाचं बोलू. त्यासाठी दूर जायला नको. नागपूरच्या पूर्वेला निघा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा धानाचा, झाडीचा मुलूख. धान घरात आलं, दिवाळी झाली, की तिथे मंडई भरतात, शंकरपट होतात आणि रात्री नाटक लागतं. झाडीपट्टीचं नाटक. वडसा म्हणजे देसाईगंजला या नाटक कंपन्यांची कार्यालयं ओळीने आहेत. गावातलं मंडळ तिथे येतं, कंपनीशी नाटकाची रक्कम ठरवतं, गावात मंडप घालतं आणि तिकीट विकतं. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. समोर शेतकरी, मजूर, बाया-पोरं पैसे देऊन बसलेली असतात. नफा उरला तर गावाच्या कामाला जातो. कलावंताला ‘नाईट’ मिळते, म्हणजे प्रयोगाचे ठरलेले पैसे. नागपूरचे कित्येक नट-नट्या हंगामात तिकडे काम करतात. हंगाम साधारण होळीपर्यंत. मग लोक आपापल्या शेतीला, मजुरीला, दुकानाला लागतात. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ते याच रंगभूमीवरच्या कामासाठी. पाच हजारांवर प्रयोग त्यांनी केले.

शहरातले रसिक या नाटकाला नाकं मुरडतात. भडक आहे, त्यात नाच घुसडतात, असं म्हणतात. टीकेत तथ्य आहे. पण एक सांगा, नागपुरात चांगल्या प्रायोगिक नाटकाला तिकीट काढून किती जण येतात? बहुतेक पास मागतात. आपला भाऊ, आपली मैत्रीण मंचावर असते, आणि आपण तिलाच फोन करून विचारतो, ‘पास मिळेल का?’ ज्या मुलुखाला आपण मागास म्हणतो, तिथला मजूर कलावंताला त्याचे दाम देतो. कोण मागास, ते ठरवा. कोरोनाच्या काळात हंगाम बुडाला तेव्हा याच कलावंतांचे हाल झाले, कारण सगळी मदार प्रयोगावर होती. म्हणून मी तीन टेकू म्हणतो, एक नाही.

काही जण म्हणतील, आम्हाला धंदा करायचा नाही, आम्हाला बदल घडवायचा आहे. फार चांगलं. तशा नाटकांचाही खर्च असतोच. दिल्लीचं जन नाट्य मंच पाहा. सफदर हाश्मी त्याचे एक संस्थापक. त्यांनी विद्यापीठांत इंग्रजी शिकवलं, पश्चिम बंगालच्या माहिती केंद्रात नोकरी केली, आणि नोकरी सांभाळत नाटकं केली. पूर्णवेळ काम त्यांनी बऱ्याच वर्षांनी सुरू केलं. १ जानेवारी १९८९ रोजी साहिबाबादच्या कामगार वस्तीत ‘हल्ला बोल’ करत असताना त्यांच्यावर हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. वय ३४. ४ जानेवारीला त्यांची पत्नी मलयश्री आणि ग्रुपने त्याच जागी जाऊन तेच नाटक पूर्ण केलं. हा प्रसंग बहुतेकांना माहीत असतो. पण ग्रुप त्यानंतरही इतकी वर्षं कसा चालला, हे कुणी विचारत नाही. सरकारचं किंवा कंपन्यांचं अनुदान न घेता. पथनाट्य संपलं की चादर फिरते, प्रेक्षक दहा-वीस रुपये टाकतात. ग्रुपमधले बहुतेक जण आपापल्या नोकऱ्या करतात. २०१२ मध्ये त्यांनी लोकांच्या देणग्यांतून दिल्लीच्या शादीपूर भागात ‘स्टुडिओ सफदर’ ही स्वतःची जागा उभी केली. तालमीला जागा मिळाली की अर्धी लढाई जिंकली जाते.

आपल्याकडचे शाहीर अमर शेख तर तुम्हाला ठाऊकच आहेत. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. बसवर क्लीनर होते, गिरणीत कामगार होते. अण्णा भाऊ साठे आणि गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथकात गायले, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांच्या आवाजाने मैदानं भरली. चळवळींसाठी त्यांनी लोकांपुढे झोळी पसरून निधी गोळा केला. १९६९ मध्ये अपघातात गेले. तेव्हाही आणि आजही एक सवय आहे: सभेला गर्दी जमवायची तर आधी शाहीर हवा, आणि मानधनाची गोष्ट निघाली की तो ‘आपलाच माणूस’. चळवळीच्या लोकांना, म्हणजे आपल्यालाही, मला हे सांगायचं आहे. मंडपवाल्याला पैसे देता, साउंडवाल्याला देता, बिर्याणीवाल्याला ॲडव्हान्स देता. गाणाऱ्या मुलीला शाल आणि नारळ देता. तिने रिक्षाचे पैसे शालीतून काढायचे का?

याच शहरातले वीरा साथीदार २०२१ मध्ये कोरोनात गेले. ‘कोर्ट’ सिनेमातला लोकशाहीर त्यांनी केला. त्या सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा देशाला त्यांचं नाव कळलं. त्याआधी कितीतरी वर्षं ते इथल्या वस्त्यांत काम करत होते, लिहीत होते, मासिक चालवत होते. महेश एलकुंचवारांनीही ‘वाडा चिरेबंदी’सारखी नाटकं याच शहरात राहून, इंग्रजीचे प्राध्यापक म्हणून नोकरी करत लिहिली. पुण्याकडे निळू फुले माळीकाम करत होते, राम नगरकरांचा केशकर्तनाचा धंदा होता. यांतल्या कुणी नोकरीला कलेचा पराभव मानलं नाही. तुम्हीही मानू नका. शिकवणी घ्या, अकाउंट्स शिका, इलेक्ट्रिशियन व्हा. दोनच गोष्टी पाहा: संध्याकाळ मोकळी राहते का, आणि डोकं थोडं शिल्लक राहतं का.

आता ग्रुपच्या हिशोबावर येतो. हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण बहुतेक ग्रुप इथेच फुटतात. समजा, तुम्ही बारा जण आहात. प्रत्येकाने महिन्याला २०० रुपये काढले तर वर्षाचे २८,८०० होतात. त्यात मोठं नाट्यगृह परवडणार नाही. सुरेश भट सभागृहाचं किंवा देशपांडे सभागृहाचं स्वप्न तूर्त बाजूला ठेवा. पण शाळेच्या हॉलमध्ये, शंभर-दीडशे खुर्च्यांत, चार साधे लाईट लावून छोटं नाटक होतं. १०० रुपये तिकीट, १५० प्रेक्षक, १५,००० रुपये. आधी भाडं आणि लाईटवाला, मग कलावंतांची नाईट, भले २०० रुपये का होईना, आणि उरलेले पुढच्या नाटकाला. प्रयोगानंतर आठ दिवसांत हिशोब लिहून सगळ्यांना वाचून दाखवा. पैसे एकाच्या खिशात आणि निर्णय एकाच्या डोक्यात राहिले, तर दोन वर्षांत भांडण ठरलेलं. सात जण असाल तर संस्था नोंदवता येते. त्याशिवाय अनुदानाच्या दारात उभंच करत नाहीत.

आणि हो, सरकारी योजना आपल्याही करातून चालतात. ‘आपल्याला कोण देणार’ म्हणत अर्जच न करणं सोडा. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची १८ ते २५ वयाच्या तरुण कलावंतांसाठी शिष्यवृत्ती आहे, दरमहा ५,००० रुपये, दोन वर्षं. ती नाटकालाही मिळते. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र तर आपल्याच शहरात, सिव्हिल लाईन्समध्ये आहे. तिथे जाऊन बसा, विचारा, फॉर्म आणा. तुमच्या मोहल्ल्यात एखादे वयस्क कव्वाल, ढोलकीवाले, जुने नट असतील, तर राज्य सरकारची ज्येष्ठ कलावंतांसाठी मानधन योजना आहे, महिन्याला ५,००० रुपये. त्यांचे कागद जमवून द्या. उद्या तेच तुमच्या बाजूने मोहल्ल्यात उभे राहतील.

आता अवघड भाग. आपल्या घरांत ‘हराम’ हा शब्द निघतो. मी आलिम नाही, फतवा द्यायला उभा नाही. मी इतकंच पाहिलंय की बहुतेक घरांत मजहबच्या नावाने बोललेली भीती ही खरं तर बदनामीची आणि बेकारीची भीती असते. तिला वाद घालून उत्तर मिळत नाही. अम्मी-अब्बांना पहिल्या रांगेत बसवून नाटक दाखवलं की बरीच भीती कमी होते. मुलींच्या बाबतीत ग्रुपनेच नियम करावेत. तालीम रात्री आठला संपेल. घरी सोडायची व्यवस्था असेल. तक्रार ऐकणारी एक वडीलधारी बाई असेल. लग्न ठरलं तर ‘ती गेली’ असं धरू नका. निकाहाआधी मुलीने आपल्या कामाबद्दल सासरी बोलावं, आणि ते बोलायला तिच्याबरोबर कुणीतरी असावं. मुली गळाल्या की ग्रुपचं अर्धं अंग गळतं. मग मुलांनी दुपट्टा घेऊन बाईची भूमिका करायची, आणि प्रेक्षकांनी हसायचं.

हे सगळं का करायचं? सिनेमात, मालिकांत, नाटकांत आपण कसे दिसतो ते पाहा. डोळ्यांत सुरमा, हातात सुरा, नाहीतर अतिशय गोड, सतत शेर ऐकवणारा चाचा. या दोघांच्या मधला माणूस, जो महापालिकेत नोकरी करतो, मुलीच्या बारावीची काळजी करतो आणि मराठीत भांडतो, तो मंचावर सहसा दिसत नाही. त्याला दुसरं कुणी का लिहील? आपल्या पोराला पंचविशीत नाटक सोडावं लागलं, तर तो माणूस अलिखितच राहील. मग आपण निषेधाची पत्रकं काढत बसू.

म्हणून जाण्याआधी तीन कामं सांगतो. पहिलं, इथले शादीखाने आणि शाळांचे हॉल आठवड्यातले कितीतरी दिवस रिकामे असतात. आपल्या संघटनेने पाच जणांचं शिष्टमंडळ करून विश्वस्तांना भेटावं आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी तालमीसाठी जागा मागावी. भाडं नको असं म्हणू नका, परवडेल असं मागा. दुसरं, आपल्या कुठल्याही कार्यक्रमाच्या खर्चाच्या यादीत कलावंताचं मानधन लिहिलेलं असेल, मंडपाच्या वर. तिसरं तुमच्यासाठी. या महिन्यात नागपुरात होणाऱ्या एका नाटकाचं तिकीट विकत घ्या. कुणाचंही असो, मराठी, हिंदी, उर्दू. पास मागू नका.

ही तीन कामं वर्षभर केलीत, तर पुढच्या शिबिरात मला बोलावू नका, नाटक ठेवा. मी तिकीट काढून येईन.